उलट पिळाची गाठ

तमाम रहिवासी, जुने भाडेकरू, नवे फ्लॅटवाले आणि त्यांची कुत्री यांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या इमारतीत माणसं मरायची थांबलेली नाहीत. फक्त त्यासाठी मला बोलावणं थांबलेलं आहे. या घटनेमुळे लालबागच्या सार्वजनिक जीवनात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली असून, ती आजवर फक्त माझ्याच लक्षात आली आहे.

मी तिरडी बांधायचो.

हे वाक्य लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याला सांगून बघा. त्याचा घास हातातच राहतो. मग तो नकळत थोडा सरकून बसतो, आणि तेवढ्यात त्याच्या पानातल्या दोन जिलब्या मला मोकळ्या मिळतात. मी हा प्रयोग अनेकदा केला आहे आणि जिलब्या सदैव मिळाल्या आहेत.

गैरसमज नको. माझा तो धंदा नव्हता. पोटासाठी मी फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून होतो. तिथे माझी ओळख ‘ते खिडकीजवळचे’ अशी होती. पुढे एसी आला, खिडकी बंद झाली आणि ती ओळखही गेली. पण संध्याकाळी चाळीच्या जिन्यात पाऊल टाकलं की मी कोणीतरी असायचो. चार मजल्यांच्या आमच्या चाळीत कोणी गेलं, की नातेवाइकांना फोन जायच्या आधी माझ्या दारावर थाप पडायची. डॉक्टरलासुद्धा कधीकधी माझ्यानंतर बोलवत. हे चुकीचं होतं, पण सुखाचं होतं.

ही विद्या मला दुसऱ्या मजल्यावरच्या एका गिरणी कामगाराने शिकवली. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, तुटलेले धागे जोडण्यात त्याची हयात गेली होती. गिरणी बंद पडली, बोटं चालूच राहिली. चाळीत कोणीही मेलं की तो बांबू आणि सुतळी घेऊन गॅलरीत बसायचा. दोन लांब बांबू, त्यावर आडव्या कामट्या, आणि प्रत्येक सांध्यावर त्याची ती खास गाठ. खिळा नाही, तार नाही. एकदा मला म्हणाला, “बाजूला बसून नुसता बघतोस काय रे? धर इकडे. आणि नीट बघ, पीळ उलटा द्यायचा. घरात कुठे असा देत नाहीत. ही गाठ सुटत नाही. भोईवाड्याच्या स्मशानात पोचली की सरळ कापायची.” मी शिकलो. काही वर्षांनी त्याचीच तिरडी मला बांधावी लागली, आणि बांधताना सारखं वाटत होतं की हा उठून म्हणणार, “ढिली आहे.”

पण मी एकट्याने बांधलेली पहिली तिरडी त्याची नव्हती. ती होती तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणी काकीच्या नवऱ्याची. हा गृहस्थ जिवंतपणी कधी कोणाला घरी सापडला नाही. माझा गुरू, म्हणजे तोच गिरणी कामगार, उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला गावाला गेला होता, आणि नेमके हे गेले. घरी सापडले ते असे. आयुष्यभर काकी गॅलरीत उभी राहून अख्ख्या लालबागला ऐकू जाईल अशा आवाजात ‘माझो घोव खंय गेलो?’ असं ओरडत नवऱ्याला शोधायची. एकदा ते मासे आणायला म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडले आणि दोन दिवसांनी देवगडहून निरोप आला की तिकडे बांगडा चांगला मिळतोय. अशा माणसाला भोईवाड्यापर्यंत एका जागी झोपवून न्यायचं, ही माझी पहिली परीक्षा. चाळीचा जिना असा वळणाचा, की तिथून कपाट उतरवायचं तर आधी कपाटाची समजूत काढावी लागे. वाटेत माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतं, फक्त गाठींकडे होतं. एकही हलली नाही. आनंदाने मला ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडायला ती जागा अगदीच अयोग्य होती.

इथेच या कलेची मेख आहे. गवयाला दाद मिळते, आचाऱ्याला ढेकर मिळते, तिरडी बांधणाऱ्याला काहीच मिळत नाही. मयताच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, घरच्यांनी ‘या’ म्हणायचं नाही, आणि आभाराचं तर नावच नको. मागे न बघता निघायचं, आंघोळ करायची, गप्प बसायचं. तेराव्याला मी जेवायला असायचो. तिथे सगळे म्हणत, “लाडू काय सुरेख वळलेत हो!” लाडू वळणारी बाई लाजायची. मी पुढचा लाडू घ्यायचो. तीस वर्षांत एका माणसानेही मला म्हटलं नाही, की काय सुरेख बांधली होतीस रे. जो एकटा माणूस ते सांगू शकला असता, तो दर वेळी तिच्यावरच आडवा असायचा.

दाद नव्हती, पण दरारा होता. मी आजाऱ्याला भेटायला गेलो की घरात धावपळ उडायची. परळच्या इस्पितळात चाळीतल्याच एका गृहस्थांना बघायला गेलो, तर त्यांनी मला पाहताच ऑक्सिजनची नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी सफरचंदं ठेवली आणि म्हणालो, “सहज आलोय हो.” ते म्हणाले, “अजून रिपोर्ट यायचेत.” माझी नजर माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत जाते, ही तक्रार बायकोनेही केली आहे. “असं बघू नका मला. मी पाच फूट दोन इंच आहे. लिहून ठेवा आणि विसरून जा.”

आणि काकी तर मला दारातही उभं करायची नाही. नवरा गेला त्या दिवसापासून ती माझ्याशी एक अक्षर धड बोलली नव्हती. गॅलरीतून मी येताना दिसलो की इथे कशाला आलास म्हणून एकच वाक्य यायचं, “हय कित्याक इलंस? मी अजून जिती आसंय!” आणि दार धाडकन बंद. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेलो तरी तेच. ती माझ्यावर चिडली आहे, घाबरली आहे की त्या दिवशी माझं काही चुकलं, हे मला कधी कळलं नाही. पहिल्याच कामात काहीतरी चुकलं असावं, ही शंका मात्र मनात घर करून राहिली, आणि चाळ पडली तरी तिने जागा सोडली नाही.

मग चाळ पडलीच. तिच्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर आला. खालचे मजले आम्हा जुन्यांना, वरचे विकत घेणाऱ्यांना. गच्चीऐवजी पोडियम नावाची चीज आली, म्हणजे गाड्यांच्या डोक्यावर लावलेली बाग. ताबा मिळाला तेव्हा लोकांनी आधी स्वयंपाकघर बघितलं. मी लिफ्ट बघितली. पावलांनी मोजली आणि मनात म्हणालो, तिरपी धरली तर जाईल.

जायची वेळ आलीच नाही.

नव्या इमारतीतलं पहिलं मयत सहाव्या मजल्यावर झालं. आमच्याच चाळीतले, माझ्याबरोबर गोट्या खेळलेले. मी ऐकलं आणि दारामागे टांगलेली कापडी पिशवी खांद्याला लावली. तिच्यात सुतळीचा गुंडा, कोयता, कात्री, उदबत्ती, काडेपेटी, सगळं तयार असतं. चेहऱ्यावर योग्य तेवढं दुःख आणून मी वर गेलो, तर दारात पांढऱ्या गणवेशातले दोन इसम उभे. छातीवर कंपनीचा बिल्ला. सोबत चाकांचा स्टीलचा स्ट्रेचर, त्याला विमानातल्या खुर्चीला असतात तसे पट्टे. खटक, खटक, झालं. गाठ नाही, पीळ नाही, बोटांना सुतळीचा वळ नाही. फुलंसुद्धा मापात कापलेली. मृतदेह तयार होता, नातेवाईक तयार नव्हते. कोणी रडायला घ्यावं हेच त्यांना कळत नव्हतं. चाळीत मी आधी सगळ्यांना ओरडायचो, “रडणं मागाहून, आधी डॉक्टरांचा दाखला शोधा,” आणि मग ‘चला, उचला’ म्हणायचो, की अख्खा मजला एकदम फुटायचा. इथे सगळे त्या गणवेशवाल्यांकडे बघत उभे होते आणि ते टॅबवर बोटं फिरवत होते.

मी पुढे झालो. त्यातला एक अतिशय नम्रपणे म्हणाला, “काका, आपण मयताचे कोण?”

तीस वर्षांत हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “शेजारी.”

त्याने यादी खालीवर केली. “शेजारी नाहीये यात. ‘इतर’ टाकतो.”

अशा तऱ्हेने मी अधिकृतपणे ‘इतर’ झालो. पिशवी घेऊन लिफ्टने खाली आलो. लिफ्टमधल्या आरशात एक माणूस दिसला, ज्याला बघून कुठलाही पेशंट घाबरला नसता.

त्यानंतर इमारतीत आणखी काही जण गेले. प्रत्येक वेळी मला ती बातमी मोबाइलच्या ग्रुपवर कळायची, हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेत. मी पायजमा बदलून बसायचो. कोणी येत नसे. मग पायजमा पुन्हा बदलायचो. हा दुखवटा कोणासाठी धरायचा, हे ठरत नव्हतं. नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा मला नारळ, शाल आणि ‘खिडकीजवळचे’ या विषयावर साहेबांचं चार मिनिटांचं भाषण मिळालं होतं, आणि मला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. इथे काहीच मिळालं नव्हतं, आणि जेवण जात नव्हतं.

बायको म्हणाली, “अहो, जगात सगळे कोणी मेलं की तोंड पाडून बसतात. कोणी मेलं तरी आपल्याला बोलावलं नाही म्हणून तोंड पाडणारा माणूस मी एकच पाहिला.”

“तुला नाही कळायचं. एक माणूस म्हणून माझी जी जागा होती…”

“जागा आहे ना. चारशे चौरस फूट. त्यातली निम्मी ती पिशवी अडवते. काढा ती दारामागून.”

पिशवी मी काढली नाही. पण एक दिवस गुंडा हलका लागला. पाहतो तर माझ्या सुतळीने बायकोने कढीपत्त्याची कुंडी खिडकीच्या गजाला बांधली होती. गाठ साधी, बुटाच्या नाडीला मारतात तसली. तीस वर्षांच्या साधनेचा हा शेवट. मी ती सोडून पुन्हा नीट बांधली. इमारत एक वेळ पडेल, ती कुंडी पडणार नाही.

असे महिने गेले. मग पाडव्याच्या आधी सोसायटीची सेक्रेटरी दारात आली. सातव्या मजल्यावरची चुणचुणीत मुलगी, कुठल्याशा बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. मला वाटतं माझ्या बायकोनेच तिला पाठवलं असावं, कारण ती आली तेव्हा बायको चहा आधीच गाळत होती.

“काका, तुम्हाला बांबूचं छान जमतं ना?”

मी हरखलो. “कोण गेलं?”

“अहो काका, कोणी नाही! पोडियमवरची गुढी. गेल्या वर्षी आपण ती प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधली होती.”

गेल्या वर्षीचं मला आठवत होतं. पोडियमवर वारा असा घुसतो, की तिथे योगासनं करणाऱ्यांची सतरंजी आधी उठते आणि माणूस नंतर. सगळे फोटोसाठी उभे असताना पट्ट्या तुटल्या आणि गुढी आडवी झाली ती थेट चेअरमनच्या खांद्यावर. चेअरमन सोळाव्या मजल्यावरचे. त्यांनी वर्षभर तो खांदा दाखवला.

“या वर्षी पडली ना, तर चेअरमन गुढी बंदच करणार आहेत. लॉबीत स्क्रीनवर दाखवू म्हणतात. प्लीज काका.”

मी अर्थातच लगेच हो म्हटलं नाही. दोन मिनिटं छताकडे बघितलं, विचार करतो असं दाखवलं. चहा गाळून होईपर्यंत दम काढला आणि मग हो म्हटलं.

बांबू आणायला परळला माझ्या नेहमीच्या बांबूवाल्याकडे गेलो. मला बघताच त्याने टोपी काढली. “लई दिवसांनी. कोण गेलं?”

“कोणी नाही. एक बांबू दे.”

“एकात कसं होणार? लहान मूल हाय का?” त्याचे डोळे भरून आले.

“अरे बाबा, गुढी! गुढी उभारायचीय.”

त्याने टोपी परत डोक्यावर घातली. “तुम्ही? गुढी?” मग सवयीने हात मागे गेला. “मडकं देऊ?”

“नको. तांब्या आहे.”

तो एक बांबू खांद्यावर टाकून मी चालत आलो. रस्त्यात ओळखीचे तीन जण भेटले. तिघांनी हात जोडले.

पाडव्याच्या सकाळी मी आंघोळ करून पोडियमवर हजर झालो. बांबू, कापड, सुतळी, भांडं. सामान जवळपास तेच बघून बोटांना जी काही तरतरी आली, ती सांगता येत नाही. एरवी सगळं आडवं असायचं, आज उभं होतं, एवढाच फरक. मी लोकांना हुकूम सोडायला लागलो. “तुम्ही पाय धरा, म्हणजे खालची बाजू धरा. तुम्ही मागे व्हा. घाई करू नका, कोणाची गाडी चुकत नाहीये.” सेक्रेटरीने हिरवी पैठणी दिली, मी तिच्या चुण्या घातल्या. कडुनिंब, आंब्याचा डहाळा, साखरेची माळ, वर तांब्या पालथा. मग बांबू उचलून रेलिंगला तीन ठिकाणी बांधला. बोटं आपोआप चालत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कामाला टाळ्या! मी इतका गोंधळलो, की मागे न बघता निघालो. सेक्रेटरीने हात धरून परत आणलं. “काका, फोटो!”

तेवढ्यात काकीला व्हीलचेअरवरून आणलं. पंच्याऐंशीच्या पुढची असेल. सून खुर्ची ढकलत होती. काकीने गुढीला हात जोडले, वर तांब्याकडे पाहिलं, मग खाली येत येत तिची नजर रेलिंगवर थांबली. ती पुढे वाकली. चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“ही गाठ,” ती म्हणाली. बोट तिथेच रोखलेलं.

मी पाहिलं. उलटा पीळ. तिन्ही ठिकाणी. बोटांना तेवढी एकच गाठ येत होती, तीच त्यांनी मारली होती. गुढी मी तिरडीसारखी बांधली होती.

जुन्यांच्या लगेच लक्षात आलं. एक बाई हळूच म्हणाली, “अगो बाई, आमच्या सासऱ्यांची…” आणि तिने तोंडावर हात ठेवला. कुजबुज वरच्या मजल्यांपर्यंत पोचली. चेअरमन खांदा चोळत पुढे आले. “म्हणजे? ही ती गाठ आहे? मेलेल्यांची?” त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी चिंतेने विचारलं, “अनहायजिनिक आहे का?”

“काढा. ताबडतोब काढा,” चेअरमन म्हणाले. “वर्षाचा पहिला दिवस आहे, शोभतं का हे? म्हणूनच मी म्हणत होतो, स्क्रीन बरी.”

सेक्रेटरी माझ्याकडे बघत होती. बायको माझ्याकडे बघत होती. ती काही तिखट बोलेल म्हणून मी वाट पाहिली, पण ती बोलली नाही, आणि तेव्हा मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

“सुटत नाही ती,” मी म्हटलं. “कापावी लागते.”

“मग कापा!”

मी पिशवीत हात घालून कात्री काढली. आयुष्यात ही गाठ मी फक्त भोईवाड्याला कापली होती, काम पूर्ण झाल्यावर. काम उभं असताना कापायची ही पहिलीच वेळ. आता कापली की गुढी पडणार, गुढी पडली की स्क्रीन येणार, आणि मी कायमचा यादीतला ‘इतर’ होणार, असा सगळा हिशोब मला त्या कात्रीच्या दोन पात्यांमध्ये दिसत होता. पोडियमवर वारा आला. पैठणी फडफडली, तांब्याने दोनदा टण टण केलं, गेल्या वर्षीच्या आठवणीने चेअरमन चार पावलं मागे सरले. बांबू मात्र जिथल्या तिथे होता.

काकीने सुनेला खुर्ची आणखी पुढे घ्यायला लावली. हात लांब करून तिने मधली गाठ धरली, एकदा खेचली, पुन्हा खेचली, आणि तीस वर्षं माझ्या तोंडावर दार आपटणारी ती बाई सगळ्या सोसायटीसमोर माझ्यावर खेकसली,

“कापतंस कित्याक, मेल्या? माझो घोव जन्मात कधी एका जाग्यार रवलो नाय, तो ह्या गाठीत गप पडान रवलो! ही गुढी खंय जातली?”